मच्छिंद्र मिस्त्रींचा पंजा

धावड्याच्या फाट्यावर कल्याणचं गॅरेज. एकदा जालन्याच्या रामनिवास शेठचा मुलगा मयंक तिथं जुन्या जीपचा सांगाडा घेऊन आला. "कल्याणभाऊ, हिला ट्रकचं इंजिन बसवा. अजिंठ्याच्या घाटात बिलकुल दम लागला न्हाई पाहिजे."

"मयंकशेठ, नुसतं इंजिन तगडं करून काय उपेग? त्याचा जोर गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा ॲक्सल, सगळ्यांला बराबर झेपला पाह्यजे. ज्याला झेपत न्हाई ते तुटतं."

हे शहाणपण कल्याणचं नव्हतं, त्याच्या उस्तादाचं होतं. मच्छिंद्र मिस्त्री म्हणजे अस्सल खडूस माणूस. गाडी जुळून झाली की बिडी विझवायचे, खाली सरपटत जायचे आणि जो भाग कच्चा वाटेल त्यावर ग्रीसनं माखलेला पंजा उमटवायचे. इंजिनच्या पंख्यात एक बोट गेलेलं, म्हणून पंजा चारच बोटांचा. तो भाग बदलल्याशिवाय गाडी हलायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. खडूस असले तरी कल्याणला त्यांची फार आठवण यायची.

मयंकच्या हट्टापायी ट्रकचंच इंजिन बसवून जीप जुळली. सकाळी कल्याण सहज खाली शिरला, तर मागच्या ॲक्सलवर चार बोटांचा पंजा!

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. रॉकेलच्या फडक्यानं खूप घासलं, पण डाग जाईना. शेवटी त्यानं ॲक्सल खोलला. आत केसाएवढा तडा होता.

"उस्ताद..." तो हळूच म्हणाला. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा त्याला भरूनच आलं.

त्यानं जाडजूड ॲक्सल टाकला. पंजा शाफ्टवर उमटला. शाफ्ट बदलला, तर तो गिअरबॉक्सवर. एक सांधा मजबूत केला की कच्चेपणा पुढच्या सांध्याकडे सरकत होता. मग कल्याणनं इंजिनच लहान बसवलं. मयंकनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. आता कुठं सगळे भाग एकमेकांना साजेसे झाले. कल्याणनं जीपचा कानाकोपरा तपासला. पंजा कुठंच नव्हता, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

दुपारी मयंक पांढराशुभ्र शर्ट घालून गाडी न्यायला आला. सोबत बहीण कनिका होती.

"चावी द्या, भाऊ. आता घाटात बघा कशी उडवतो!"

"जरा सावकाश, शेठ. घाट हाय त्यो."

"सावकाशच जायचं, तर एवढा खर्चा कशाला केला?" मयंक हसला आणि जीपमध्ये चढायला वळला.

त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, काळा पंजा होता. चार बोटांचा.

कल्याणनं चावी मुठीत घट्ट आवळली. ॲक्सल बदलता येतो, शाफ्ट बदलता येतो...

"गाडी... आज न्हाई जायची, शेठ."

"का? मी सगळं ऐकलं की तुमचं! आता काय कच्चं राह्यलं?"

तेवढ्यात कनिकाचं लक्ष गेलं. "अरे भैया, हे कुठं लागलं?" म्हणत ती रुमालानं भावाची पाठ पुसू लागली. आधी हलक्या हातानं, मग जोरजोरात.

"भैया... हे निघतच न्हाई."