सतरा नंबरचा बर्थ

पूर्ण नाव तीन शब्दांचे, वय एकोणसाठ वर्षे दोन महिने, व्यवसाय बॉयलरची तपासणी. एवढा मजकूर त्यांच्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या तळाशी छापलेला असे, आणि त्याखाली त्यांची सही. त्या सहीवाचून कोणत्याही कारखान्यात वाफ धरली जात नसे. त्या तीन शब्दांनी मात्र त्यांना कोणी हाक मारीत नसे. बॉयलरची सुरक्षेची झडप उघडून वाफेची शिट्टी स्वतःच्या कानांनी ऐकल्याखेरीज ते पेनाचे टोपण काढीत नसत, म्हणून कचेरीत त्यांना शिट्टीकाका म्हणत. हे नाव आपल्या कानावर आलेलेच नाही असे ते दाखवीत.

त्या दिवशी दुपारी एका इस्पितळाचा निरोप आला. तेथील बॉयलर दोन दिवस थंड पडला होता. वाफ नाही, म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक होत नव्हती आणि रोगी ताटकळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होणे भाग होते. आणि विमानतळ सकाळपासून धुक्यामुळे बंद होता.

“मग रात्रीची गाडी,” प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई म्हणाल्या.

“धुकं उठेल संध्याकाळपर्यंत.”

“उठेल तेव्हा उठेल. काका, तुम्ही तर पूर्वी रात्रीच्या गाडीचे केवढे भक्त होता. मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला तासभर ऐकवलं होतंत. विमान उडतं तासभर आणि खातं सबंध दिवस. गाडी मात्र रात्री झोपवते आणि सकाळी कामावर उभं करते. पाठ आहे मला.”

“माणसाची मतं बदलतात.”

“अकरा वर्षं बदललेलीच आहेत. पण आता साहेबांचीही बदललीत. एका रात्रीचं अंतर असेल तर गाडीच, विमान नाही. वातावरणाची काळजी म्हणे. वातावरणाची काळजी नव्हती तेव्हा यांना आमची तरी कुठे होती?” बाई हसल्या. “खालचा बर्थ मिळवलाय तुमच्यासाठी. सतरा नंबर.”

शिट्टीकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“दुसरा नाही का?”

“एवढा एकच शिल्लक होता. सतराने काय घोडं मारलंय?”

उत्तर होते, परंतु ते गेली अकरा वर्षे त्यांनी पत्नीलाही दिले नव्हते.

त्या काळी रात्रीच्या गाडीत एक रीत होती. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांची चिठ्ठी डब्याचा अटेंडंट लिहून घेई: बर्थचा नंबर आणि उतरण्याची वेळ, एवढेच. चिठ्ठी तो दाराजवळच्या पितळी चिमट्यात अडकवी. वेळ झाली की इतरांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता येई, अंधारात चाचपून त्या नंबराच्या पायावर पांघरुणावरूनच तीनदा थोपटी आणि हळूच म्हणे, “तुमचं आलं.” तोंड तो पाहत नसे. त्याच्या लेखी प्रवासी म्हणजे नंबर.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री अटेंडंट होता एक वाकलेला वृद्ध गृहस्थ. निळा लोकरी कोट, त्याला वासही ओल्या लोकरीचा. पेन्सिलीचे टोक जिभेला लावल्याशिवाय त्याला लिहिता येत नसे. “सतरा, तीन दहा,” असे त्याने लिहिले: शिट्टीकाकांचा बर्थ आणि जंक्शनला उतरण्याची वेळ. दिवे मालवल्यावर वरच्या अठरा नंबरचा प्रवासी लंगडत जवळ आला. पंप विकणारा, पस्तिशीचा, पायाला प्लॅस्टर. “काका, खाली झोपू द्याल का? पाय चढत नाही.” शिट्टीकाकांनी आनंदाने जागा दिली आणि ते वर चढले. अटेंडंटला सांगायला हवे, हे त्यांना आठवलेही होते. परंतु बूट खाली राहिले होते, अंगाखाली ऊब धरली होती. आपण होऊनच जाग येईल, असे त्यांनी स्वतःस समजावले.

जाग आली ती उजाडता, जंक्शन कधीच मागे पडल्यावर. तीन वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरला उठवण्यात आले होते. पंपवाला अर्धवट झोपेत शिट्टीकाकांचीच तपकिरी बॅग घेऊन उठला, फलाटाच्या उलट बाजूचे दार उघडून खाली उतरला, आणि त्या रुळावरून त्याच वेळी मालगाडी येत होती.

चौकशी झाली. “जागा बदलल्याचं आपण अटेंडंटला सांगितलं होतं का?” असा प्रश्न आला, तेव्हा शिट्टीकाका म्हणाले, “सांगितलं होतं.” दोनच शब्द. ज्याच्या सहीवर बॉयलर पेटतात त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? वृद्ध अटेंडंट एवढेच म्हणत राहिला की सांगितले असते तर मी लिहिले असते. त्याला नोकरीवरून काढण्यात आले. बॅग शिट्टीकाकांना परत मिळाली आणि टाकून देण्याचे कारण कोणाला सांगता येईना, म्हणून ती वापरातच राहिली.

तीच बॅग घेऊन ते त्या रात्री गाडीत चढले.

डबा नवा होता. आताचा अटेंडंट फोनवर आपल्या मुलीला गणित समजावीत होता. “जंक्शनला उतरायचंय? गजर लावून ठेवा साहेब. उठवण्याबिठवण्याचं आता बंद झालं.” हे ऐकून शिट्टीकाकांना किती बरे वाटले, ते सांगता येणार नाही. दाराजवळ पितळी चिमटा मात्र अजून होता, रिकामा, रंगाच्या थराखाली अर्धा बुजलेला.

अठरा नंबरवर पडद्याच्या कापडाचे एक व्यापारी होते, देहाने भरभक्कम, शेवटच्या स्थानकापर्यंत जाणारे.

“काका, तुम्ही सडपातळ आहात. वर गेलात तर कुणाला कळणारही नाही. मी वर गेलो तर बर्थच खाली येईल, आणि खाली तुम्ही असाल.”

“माफ करा. जागा बदलता येणार नाही.”

“अहो, पहाटे तुम्ही उतरून जाणार. तेवढ्यापुरतंच.”

“नाही म्हटलं ना.”

व्यापारी कण्हत वर चढले. “विमानात बरं असतं,” ते वरून म्हणाले. “तिथे सगळेच सारखे अवघडलेले.”

दिवे मालवले. शिट्टीकाका डोळे उघडे ठेवून पडून राहिले. काळोखात डब्याचे सांधे कुरकुरत होते, कोठेतरी पाण्याचा पेला किणकिणत होता आणि वरून व्यापाऱ्यांचे घोरणे येत होते. अडीच वाजता घोरणे थांबले. तीनला पाच कमी असताना शिट्टीकाका उठले, बूट घातले, बॅग बर्थवर ठेवली आणि तोंडावर पाणी मारण्यासाठी डब्याच्या टोकाला गेले.

परतताना दाराजवळ त्यांना वास आला. ओल्या लोकरीचा.

चिमट्यात एक चिठ्ठी होती. बोळातल्या निळ्या दिव्यात अक्षरे स्पष्ट दिसत होती: सतरा, तीन दहा. पेन्सिलीची खूण अजून ओलसर होती.

बोळातून कोणीतरी पाठमोरे चालले होते. वाकलेले, लोकरी कोटातले. पावलांचा आवाज नव्हता. ते शिट्टीकाकांच्या खणाशी थांबले, आत वळले आणि खाली झुकले. शिट्टीकाकांनी पाहिले, तो सतरा नंबर रिकामा नव्हता. आपली पाठ वळताच व्यापारी खाली येऊन पांघरूण ओढून झोपी गेले होते.

पायावर हात पडला. एकदा… दोनदा… तीनदा.

“तुमचं आलं.”

व्यापारी उठले. डोळे उघडे, परंतु त्यांत नजर नव्हती. त्यांनी तपकिरी बॅग उचलली आणि शिट्टीकाकांना घासून ते दाराकडे निघाले. गाडीचा वेग मंदावत होता. फलाट डावीकडे होता. व्यापाऱ्यांनी उजव्या दाराचा खटका ओढला. गार वारा आत घुसला आणि त्यामागून रूळ थरथरल्याचा आवाज आला.

शिट्टीकाकांनी त्यांची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या देहाचा भार मागे टाकला. दोघे बोळात आडवे पडले. दारासमोरून दिव्यांची एक रांग धडाडत गेली.

“त्याने उठवलं…” व्यापारी म्हणाले. “मला वाटलं, माझंच आलं.”

शिट्टीकाकांनी मान वर केली. वाकलेली आकृती अगदी जवळ उभी होती. टोपीखाली तोंडाच्या जागी केवळ अंधार होता. हातात कागद होता.

“बदललं होतं…” ती हलक्या आवाजात म्हणाली, जणू इतरांची झोप मोडू नये म्हणून. “तर सांगायचं होतं.”

त्या क्षणी खरे बोलण्यास एकच वाक्य लागले असते. अकरा वर्षे तोंडात घोळलेले वाक्य. परंतु जिभेला जे वळण पडले होते तेच ती बोलली.

“सांगितलं होतं,” शिट्टीकाका म्हणाले.

आकृती किंचित थांबली. पेन्सिलीचे टोक तोंडाकडे गेले. मग अंधारात कागदावर काही लिहिल्याचा आवाज झाला, आणि बोळ रिकामा झाला.

गाडी जंक्शनात दोन मिनिटे थांबली. शिट्टीकाका डाव्या दाराने उतरले. सकाळी आठ वाजता त्यांनी इस्पितळाच्या बॉयलरची शिट्टी ऐकली, सही केली, आणि दिवसाउजेडी त्यांना सर्व पुन्हा शक्य वाटू लागले. रेल्वेला पत्र लिहायचे आणि खरे काय ते कळवायचे, हे ठरले. पुढच्या आठवड्यात. धुके उठले होते. परतीचा प्रवास त्यांनी विमानाने केला.

पुढच्या आठवड्यात काम होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात सर्दी. पत्र राहिले.

एके रात्री झोपताना पत्नी म्हणाली, “अहो, आजपासून कडेला मी झोपू का? भिंतीकडून उठायला गुडघा साथ देत नाही.”

“झोप की.”

“एवढ्या चटकन? तीस वर्षं ती कडा तुमच्या बापाची असल्यासारखी धरून बसलात.”

ते हसले आणि भिंतीकडे सरकले. दिवा मालवला गेला. बिछान्यात आता त्यांच्या जागेवर ती होती, आणि हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

जाग आली ती थंडीने. शेजारची जागा रिकामी होती, पांघरूण नीट बाजूला सारलेले. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. घड्याळात तीन वाजून अकरा मिनिटे झाली होती.

घराला दोन दारे. एक जिन्याकडे, दुसरे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. दुसरे सताड उघडे होते. पत्नी गॅलरीत पाठमोरी उभी होती, हातात तपकिरी बॅग. दोन पायऱ्या चढताना जो गुडघा तिला रडवी, तो तिने कठड्यावर टेकवला होता आणि दुसरा पाय ती उचलीत होती.

त्यांनी तिला कमरेला मिठी मारून आत ओढले. दोघे फरशीवर पडले. बऱ्याच वेळाने तिची नजर जागेवर आली.

“तुम्हीच उठवलंत ना?” ती म्हणाली. “पायावर थोपटलंत… तीनदा. म्हणालात, तुमचं आलं. मला कधी अहोजाहो करता का? तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

फरशीवर बसूनच त्यांनी तिला सर्व सांगितले: प्लॅस्टरचा पाय, खाली राहिलेले बूट, चौकशीतले ते दोन शब्द. तिने मध्ये एकदाच विचारले.

“आणि तो म्हातारा?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीत कधी?”

“नाही.”

उजाडताच त्यांनी पत्र लिहिले आणि त्याखाली पूर्ण नाव, वय व सही घातली. महिन्याने उत्तर आले. प्रकरण फार जुने असून कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत. संबंधित कर्मचारी सहा वर्षांपूर्वी निवर्तला असून त्याच्यामागे कोणी नाही. सबब नोंदीत दुरुस्ती करणे आता शक्य नाही.

तेव्हापासून पुढील बदल झाले. शिट्टीकाकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ते गाडीने जात नाहीत आणि विमानानेही जात नाहीत. गॅलरीच्या दाराला कुलूप असते. बिछान्याच्या कडेला पुन्हा तेच झोपतात. पत्नीसाठी भिंतीत धरायला एक कडी बसवली आहे. झोपण्यापूर्वी ते बिछान्यात उठून बसतात आणि काळोख्या दाराकडे तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणतात, “कडेला मी आहे. जागा बदललेली नाही. त्या वेळी मी सांगितलं नव्हतं.”

पत्नी याला हसत नाही. ते बोलून झाल्यावर दाराबाहेर कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज येतो. तो तिलाही ऐकू येतो.