तिसरं माप

भूमापक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. बांध सरकला म्हणून भांडत येणाऱ्यांना मी हसून सांगायचो, अख्खा देश आफ्रिकेपासून तुटून इथवर आलाय, अजून वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर सरकतोय, तुमच्या बांधाचं काय घेऊन बसलात.

निवृत्त झाल्यावर जळगाव जामोदजवळच्या आमच्या वावराला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. मे महिना, सकाळचे अकरा. टेपचं टोक धरून माझी बायको, संजीवनी, पल्याडच्या, पूर्वेकडच्या बांधावर दगडापाशी उभी होती. मधे काळ्या मातीत दर उन्हाळ्यात पडते तशी भेग. ती भेग ओलांडूनच संजीवनी पलीकडे गेली होती.

माप आलं पंचवीस मीटर. तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. दुसऱ्यांदा आलं पंचवीस मीटर चाळीस सेंटिमीटर.

"तू हालली का?"

"नाई. दगडाले पाय लावूनच उभी हाव. पण अवो, भेग रुंदावून राह्यली. येऊ का मी तिकडं?"

भेग तेव्हा हातभर होती. तिच्यावरून एक पाऊल टाकलं असतं तर संजीवनी माझ्या बाजूला असती. मी म्हणालो, "थांब, तिसरं माप घेऊ दे. जागची हालू नको."

या एका वाक्यासाठी मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

तिसरं माप लागलंच नाही. आकडे भराभर पुढे सरकत गेले. तीस मीटरचा टेप संपला आणि तिच्या हातचं टोक निसटून भेगेत गेलं. मी ओरडलो, "उडी मार!" तोवर भेग विहिरीएवढी झाली होती. जमीन हादरली नाही, कसला आवाज नाही. खालून फक्त खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

मी काठाकाठानं पळालो. भेगेला शेवट नव्हता. पलीकडे तिची हिरवी साडी दिसत होती, मग ठिपका, मग नुसतं ऊन.

फोन लावला. लागला.

"संजीवनी, कुठी हाय तू?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"दगडापाशीच. तुमीच म्हनलं ना, हालू नको."

मी रडत होतो. माझी चूक झाली म्हणत होतो. ते तिला पोचलं की नाही, ठाऊक नाही.

"अवो," ती म्हणाली, "माप झालं असंन तं येऊ का आता? इथं दिवस बुडून राह्यला."

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.