अमावस्येचं गिऱ्हाईक

"लिंबू-मिरची घ्या दादा, आज अमावस्या हाय."

"कशाला? सरबत कराया का ठेचा कराया?"

"गाडीला बांधाया."

"गाडी डिझेल पिती हो माझी. तिला आंबट-तिखट सोसत न्हाई."

एवढं बोलून पिकअपवाल्यानं हसत गिअर टाकला. गाडी न्हावरे फाट्याच्या वळणावर पोचली, आणि… फट्ट! मागचा टायर बसला.

सुलक्षणानं ओढणी तोंडावर धरली. हसू काही आवरेना. टपरीवर चहा पीत उभे असलेले ट्रकवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि मुकाट्यानं तिच्या टोपलीपुढं येऊन उभे राहिले. एरवी बोहनीला तासभर घासाघीस करणारी माणसं, पण आज कुणी भावसुद्धा विचारला नाही.

पिकअपवाला तरातरा मागं आला. उन्हानं रापलेला चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे असे की त्यांना रागावता येतच नसावं.

"जॅक हाय का कुणाकडं?"

"माझ्याकडं लिंबू हाय," सुलक्षणा म्हणाली.

"खिळा घुसलाय, खिळा! ह्यो बघा—" त्यानं तळहात पुढं केला. "अमावस्या न्हाई घुसली टायरात."

"मग खिळ्याला आजचाच दिवस बरा गावला?"

"गेल्या मंगळवारीबी गावलाच होता की. पण मंगळवारी पंक्चर झालं तर त्यो खिळा, आन् अमावस्येला झालं तर ती अमावस्या! आज बिनपंक्चरच्या किती गाड्या गेल्या इथनं, त्यांची कोण आठवण ठेवतंय?"

गोष्ट खरी होती. सुलक्षणालाही ती चांगली ठाऊक होती. पण धंद्याच्या टायमाला खरं बोलून कसं चालेल? शिरूरजवळ तिच्या वडलांची, कोंडिबांची, लिंबाची बाग होती. एका वर्षी भाव असा पडला की कोंडिबा पोत्यानं लिंबं बांधावर ओतायला निघाले. तेव्हा ह्या बी.कॉम. झालेल्या पोरीनं मिरच्या, बिब्बे आणि काळा दोरा आणला आणि दर अमावस्येला फाट्यावर बसायला लागली. ज्या दिवशी अख्ख्या तालुक्याला नवं काम नको, खरेदी नको, सोयरीक नको, त्या दिवशी हिची दिवाळी! लिंबू बांधावर जायचं थांबलं ते तिच्यामुळं. म्हणून घरात तिच्या शब्दाला वजन होतं.

"खरं सांगा," टायर बदलता बदलता तो खाली बसूनच म्हणाला, "तुमचा इश्वास हाय का ह्याच्यावर?"

"आजा सांगायचा… पूर्वी बैलगाड्या रातीच्या निघायच्या. अमावस्येला चांदणं न्हाई, मग गाडी जायाची वढ्यात. म्हणून त्या दिवशी निघायचं न्हाई."

"आता हेडलाइट हायेत की!"

"हेडलाइट आले. पण भ्या वाटायची सवय कुठं जाती? आन् ती गेली तर मी काय विकू?"

तो असा खळखळून हसला की हातातला पाना स्वतःच्याच पायावर पडला. लंगडत गाडीत बसताना त्यानं नाव सांगितलं. विक्रम. दौंडचा. वडील सावळाराम रेल्वेत. रोज यवतहून भाजी भरून रांजणगावच्या कंपन्यांच्या कँटीनला पोचवायची.

लिंबू मात्र त्यानं घेतलं नाही ते नाहीच.

पुढच्या अमावस्येला पिकअप बरोबर टोपलीसमोर आली आणि तिचा हॉर्न अडकला. थांबेचना! कुत्री भुंकायला लागली, टपरीवाल्याचं दूध उतू गेलं, बाजूनं चाललेल्या एका मिरवणुकीच्या बँडवाल्यांना वाटलं आपलाच साथीदार आला… तेही वाजवायला लागले. विक्रम बॉनेटमध्ये डोकं खुपसून वायरी उपटत होता. हसून हसून सुलक्षणाच्या डोळ्यातून पाणी यायचं बाकी होतं.

"लिंबू घ्या आता तरी."

"न्हाई घेणार. पण मिरच्या ओवू लागतो. मेकॅनिक येईस्तोवर बसून काय करू?"

तो तिच्याशेजारी पोत्यावर बसला. दोऱ्यात मिरची ओवताना बोटांना बोटं लागली, आणि दोघंही एकदम लांबच्या पुलाकडं बघायला लागले. मग ह्या शहाण्यानं त्याच हातानं डोळा चोळला.

"आई गंऽऽ!"

"अहो, हात लावू नका! इकडं बघा… वर बघा—" तिनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या डोळ्यावर मारलं, ओढणीच्या टोकानं पुसलं. एवढ्या जवळून त्याच्या पापण्या कशा लांब होत्या!

"दिसतंय का आता?"

"एका डोळ्यानं दिसतंय," तो म्हणाला. "पण… पुरेसं दिसतंय."

तिनं गडबडीनं बाटलीचं झाकण लावलं. पाणी बाहेर, झाकण उलटं.

तिसऱ्या अमावस्येला परत टायर बसला. ह्या वेळी मात्र सुलक्षणा टोपली सोडून हळूच गाडीमागं गेली. विक्रम चाकाजवळ उकिडवा बसून काडीनं व्हॉल्व्ह दाबत होता. हवा सूंऽऽ करून सुटत होती आणि साहेब शीळ वाजवून तो आवाज लपवत होते!

ती पावलं न वाजवता माघारी आली. कुणाला काही बोलली नाही. का बोलावं? इकडं फाट्यावर बातमी झाली होती की, "त्या दौंडच्या पिकअपवाल्यानं लिंबू घेतलं न्हाई, तर दर अमावस्येला गाडी बसती!" माल दुपारच्या आत संपायला लागला. आणि खरं कारण तर वेगळंच होतं… बोलली असती, तर तो हवा काढायचा थांबला असता. थांबला असता, तर रांजणगावला सरळ निघून गेला असता.

पण ही चोरटी मजा अंगाशी आली. उन्हाळा लागता लागता विक्रमच्या मामांनी स्थळ म्हणून निरोप आणला. सुलक्षणा भाकरी थापता थापता कान देऊन ऐकत होती. कोंडिबांनी गावाचं नाव ऐकलं, धंदा ऐकला, आणि पाहुण्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"त्यो पिकअपवाला? जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडात नाव हाय त्याचं! पांढऱ्या पायाचा गडी. माझी पोरगी न्हाई द्यायची."

तव्यावरची भाकरी करपली.

आता काय करावं? खरं सांगावं, तर फाट्यावरची भीती जाणार, आणि भीती गेली की लिंबं परत बांधावर. न सांगावं, तर विक्रम जाणार. चार रात्री तिनं कूस बदलण्यात घालवल्या, आणि अमावस्या उजाडली.

लिंबाचं पोतं उतरवायला त्या दिवशी कोंडिबा स्वतः आले होते. तेवढ्यात पिकअप दिसली. मच्छिंद्र नावाचा जुना ट्रकवाला ओरडला, "आली रं आली! आज काय बसतंय बघू!"

विक्रम खाली उतरला. चेहरा पार उतरलेला. आज हवा काढायचंही त्याच्या मनात नव्हतं.

"बघितलंस?" कोंडिबा पोरीला म्हणाले. "माणसं कशी बाजूला सरकत्यात."

सुलक्षणा उठली. हातातली माळ टोपलीत टाकली.

"आप्पा, गाडी बसत न्हाई. हे बसवत्यात. टायरची हवा सोताच्या हातानं काढत्यात!"

विक्रमचं तोंड उघडं.

"तुम्हाला… माहीत होतं?"

"शीळ लई बेसूर वाजवता तुम्ही."

"पण हवा काढायची कशापायी?" कोंडिबांनी विचारलं.

विक्रमनं एकदा आकाशाकडं, एकदा टायरकडं बघितलं. "काका… गाडी चालती असली, तर इथं थांबायला कारण काय सांगू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुलक्षणाचे कान मिरचीसारखे लाल झाले. झालं, धंदा बुडाला! तिनं टोपली आवरायला घेतली, तर मच्छिंद्रनं टोपलीवर हात ठेवला.

"ए ताई, थांब! मला दोन दे."

"अहो, ऐकलं न्हाई का? अमावस्येचा काही संबंध न्हाई."

"संबंध कसा न्हाई? चांगल्या शाण्या माणसानं सोताच्या टायरची हवा सोता काढावी, ही बुद्धी अमावस्येबिगर दुसरं कोण देतंय? आत्तापतूर टायरलाच धोका होता, आता डोक्यालाबी हाय! दोन दे. एक केबिनमधी टांगतो."

मग काय, झुंबड उडाली. उरलेली मंडळीही डोक्यासाठी एकेक जादा घेऊन गेली. टोपली रिकामी झाल्यावर कोंडिबा पोत्यावर टेकले.

"म्हंजी पोरगा पांढऱ्या पायाचा न्हाई?"

"न्हाई आप्पा."

"नुसता येडा हाय?"

"व्हय."

कोंडिबांनी मिशीवरून हात फिरवला. "येडा चालंल."

तिथूनच सावळारामांना फोन लागला. सुपारी कधी फोडायची? सावळाराम म्हणाले, पुढच्या महिन्यात एकच रविवार सुट्टीचा आहे, आणि नेमकी अमावस्या. आपण काही मानत नाही, तुमचं काय?

"छ्या छ्या! अमावस्येला जमायचंच न्हाई!" कोंडिबा ओरडले.

"अहो, एवढं कडक पाळता व्हय?"

"पाळायचं कुठलं, पाव्हणं! गर्दीचा दिवस हाय आमचा. टोपलीवर कोण बसंल?"

सुलक्षणा आणि विक्रम गाडीच्या सावलीला उभे होते. तिला हसू फुटलं.

"बघा आता. आज आप्पांना सवड न्हाई म्हणून तारीख टळली… आन् उद्या आपली पोरं लोकांना सांगत सुटतील, आमच्या घराण्यात अमावस्येला शुभकार्य करत न्हाईत."

विक्रमनं मान तिरकी केली.

"कुणाची पोरं म्हणालीस?"

सुलक्षणानं जीभ चावली. पण आता शब्द गेला तो गेलाच… आणि परत घ्यावा असंही तिला वाटेना.