परीक्षेची पेशंट

शिंक आली आणि दात पडला… तोही गिऱ्हाइकासमोर, आकाशी रंगाच्या शर्टपीसवर.

आबिड्सच्या त्या कापडदुकानात जयवंता तीन वर्षं काउंटर सांभाळत होती. कापड मोजताना तिचा हात कधी चुकला नाही, पण नशीब म्हणतात ते असं. गेल्या वर्षी बरकतपुऱ्याच्या स्टॉपवर बसमधून उतरताना ती तोंडावर आपटली आणि वरचा पुढचा दात गेला. त्याच्या जागी आलेला हा काढता-घालता दात पहिल्या दिवसापासून तिला जुमानत नव्हता. आता तो कापडावर निवांत पडला होता, आणि धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

समोरच्या चष्मेवाल्या तरुणाने तो उचलला. हसला नाही, दचकला नाही. उजेडाकडे धरून उलटासुलटा बघितला.

"क्लिप ढिली आहे," तो म्हणाला. "कुणी बनवला?"

"तुम्हाला काय करायचंय?" तोंडावर हात धरून ती म्हणाली.

"मला तेच करायचंय. डेंटल कॉलेजात हेच शिकतो मी… शेवटचं वर्ष. गिरीश नाव माझं. पक्का दात का नाही बसवून घेतला?"

"चाळीस हजार सांगितले एका दाताचे. पगार माझा तेरा. दवाखानेवाले म्हणे, हप्त्यावर घ्या. दात काय फ्रिज आहे, हप्त्यावर घ्यायला?"

गिरीश हसला. मग काउंटरवर कोपर टेकून त्याने तिला सगळं समजावलं. कॉलेजात शिकणारे डॉक्टर इम्प्लांट बसवतात, मोठे सर शेजारी उभे असतात. हिरडीखाली हाडात स्क्रू घालायचा, चार महिने तो हाडात रुजू द्यायचा, मग वर दात. नऊ हजारांत काम, तेही तिन्ही वेळचं मिळून. फक्त एक अट होती.

"माझ्या परीक्षेची पेशंट व्हावं लागेल. वरचा दात परीक्षेच्या दिवशी, बाहेरून आलेल्या सरांसमोर बसवायचा. त्या दिवशी तुम्ही नाही आलात तर मी नापास. पुन्हा सहा महिने."

"म्हणजे तुमचं नशीब माझ्या तोंडात?"

"हौ ना," तो म्हणाला. "आणि शर्टपीस हाच द्या. शकुनाचा आहे."

स्क्रू बसवला त्या दिवशी जयवंता घाबरून अर्धी झाली होती. गिरीशने तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला. "दुखलं तर हा वर करायचा. मी लगेच थांबेन." तिने तीनदा हात वर केला. दोनदा दुखलं होतं. तिसऱ्यांदा… तो थांबून, वाकून, "काय झालं?" म्हणतो कसा, ते तिला पुन्हा बघायचं होतं.

मग ते चार महिने. दर शनिवारी गिरीश तिला तपासायला बोलवायचा. दोन मिनिटं तपासणी आणि तासभर कॉलेजसमोरच्या इराणी हॉटेलात चहा. स्क्रू रुजेपर्यंत तो ढिला दात घालायचा नाही आणि पुढे काही चावायचं नाही, म्हणून गिरीश तिचं बिस्कीट तोडून चहात भिजवून बशीत ठेवायचा, अगदी मन लावून. बोधनच्या शाळामास्तरांचा मुलगा. बोलायचा कमी, बघायचा जास्त. एकदा त्याचा वर्गमित्र उदय जाता जाता म्हणून गेला, "दर आठवड्याला कसली तपासणी रे? महिन्याने पुरते की." गिरीश कानापर्यंत लाल झाला. जयवंताने चहात डोकं घातलं.

"हसा ना," तो म्हणाला.

"दात नाहीये."

"दाताचं मी बघतो. तुम्ही तुमचं काम करा."

ती हसली, हाताआडून. प्रेमात पडली होती पोरगी. घरी आईलाही कळलं असावं, कारण शनिवारी कुठली साडी नेसू हे जयवंता आता तिला तीनतीनदा विचारायची.

दाताचं माप घ्यायचा दिवस आला. गिरीशने थंडगार गुलाबी लगद्याने भरलेला साचा तिच्या वरच्या जबड्यावर दाबून धरला. "पाच मिनिटं बोलायचं नाही. घट्ट होईपर्यंत काढता येत नाही."

आणि मग, ती बोलू शकत नव्हती तेव्हाच, तो बोलला.

"जयवंता, मला हे आधी सांगायला हवं होतं… माझ्या शिक्षणाचे पैसे आमच्या गावच्या हिम्मतरावांनी भरले. तिन्ही वर्षांचे. वडिलांच्या पगारात ही सीट झाली नसती. त्यांची मुलगी, प्रियदर्शिनी… पास झालो की लग्न. वडिलांनी शब्द दिलाय."

जयवंताचा डावा हात वर गेला.

तो थांबला. "दुखतंय?"

तिने हात खाली घेतला नाही. साचा तोंडात होता, लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्याला साचा काढता येत नव्हता. "दोन मिनिटं… अजून दोनच मिनिटं," तो म्हणत राहिला.

तोंड धुऊन ती एवढंच म्हणाली, "तुम्हीसुद्धा स्वस्तातला मार्ग शोधलात की."

"परीक्षेला नाही आलात," खाली बघून तो म्हणाला, "तर मला राग येणार नाही."

सहा महिने. म्हणजे सहा महिने लग्न नाही, आणि सव्वीस शनिवार. जयवंताने ते आठवडाभर मोजले.

परीक्षेच्या दिवशी ती दुकानात गेली. बाकीचे शिकाऊ डॉक्टर आपापल्या पेशंटांना सकाळपासून फोन करतात, रिक्षा पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. तिचा फोन वाजला नाही. नऊ झाले, साडेनऊ झाले… वाजलाच नाही. ठाण उलगडता उलगडता तिला एकदम रागच आला. म्हणजे लग्न मोडायचं तेही मीच, गैरहजर राहून? याने बापासमोर तोंड उघडायचं नाही, आणि मी माझं तोंड घेऊन दुकानात लपायचं? सहा महिन्यांनीही हिम्मतराव तिथेच असणार होते. आणि नापास होऊन, मान खाली घालून मिळालेला गिरीश तिला नको होता. तिला तो दर शनिवारचा, बिस्कीट भिजवणारा हवा होता, आणि तो काही मिळणार नव्हता.

तिने कापड मोजायची पट्टी खाली ठेवली आणि रिक्षा केली.

पांढऱ्या कोटाखाली त्याने आकाशी शर्ट घातला होता. तिला दारात बघून त्याचा चेहरा जो झाला, त्यात आनंद किती आणि दुःख किती, ते तिला ओळखता आलं नाही. ती खुर्चीत बसली.

बाहेरून आलेले सर शेजारी उभे राहिले. गिरीश वाकला. सवयीने म्हणाला, "दाबल्यासारखं होईल. दुखलं तर डावा हात…" आणि तिथेच अडखळला. मग दात बसवताना, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता. कुणालाच सांगता आलं नाही मला."

तिचं तोंड उघडं होतं. बोलता येत नव्हतं.

"झालं," सर म्हणाले. "हसून दाखवा बेटा."

वर्षभरात पहिल्यांदा जयवंता तोंडावर हात न धरता हसली. शेजारचा दात कुठला आणि हा कुठला, कळत नव्हतं, इतकं सुंदर काम होतं.

"डोळ्यांत पाणी का? दुखतंय?" सरांनी विचारलं.

गिरीशने तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो तिने मांडीवर, उजव्या हाताखाली घट्ट दाबून धरला होता.

"नाही सर," ती म्हणाली. "काही दुखत नाही. डॉक्टरांचा हात फार हलका आहे. पास करा त्यांना."