बर्गेनचं तळघर

नेव्हिल पहिल्यांदा आमच्या दारात आला तो भांडायलाच, बियर आंबलीय म्हणत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीतल्या आमच्या पबमध्ये भरला ग्लास परत करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर ताट सारणं. बाबांचा पारा चढला. मी तळघरातून वर आले आणि त्याच्याच ग्लासातून एक घोट घेतला... एल, म्हणजे आमची पिंपातली बियर, खरंच आंबली होती.

"पिंप बदलते," मी म्हटलं. "पण नाक मुरडू नका. चेहरा बरा आहे, बिघडेल."

"बरा आहे?" तो हसला. "मग रोज दाखवायला येतो."

आणि आला की मेला खरंच! बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, अंगाला तेलाचा वास यायचा. पिंप मी कसं कलतं ठेवते, गाळ बसेपर्यंत दोन दिवस कुणालाही त्याला हात कसा लावू देत नाही, हे जिन्यात बसून बघायचा. पिंपाकडे कमी, माझ्याकडे जास्त. मला ते कळत होतं, आवडतही होतं. पण आमच्याकडे असलं कुणी बोलून दाखवत नाही. पावसावर बोलायचं, बियरवर बोलायचं आणि उरलेलं समोरच्यानं ओळखायचं.

मग त्याला नॉर्वेत, बर्गेनला काम लागलं. धक्क्यावर त्यानं माझ्या कॉलरवरचे पावसाचे थेंब झटकले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि तिथं धड एल मिळेल का, एवढंच विचारलं. मीही शहाणी! शोधलीस तर सापडेल, म्हटलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. इंग्लंडहून बोटीनं पिंपं मागवणारा एक पब त्याला सापडला होता. पण एल गढूळ आणि बर्फासारखी गार. शेवटी लिहिलं होतं – मालकाला तळघरातलं कळणारं माणूस हवंय, वर दोन खोल्या आहेत, खिडकीतून समुद्र दिसतो.

मी चार पानी उत्तर धाडलं. पिंपातली हवा कधी सोडायची, तळघर किती गार हवं, सगळं. खोल्यांबद्दल एक अक्षर नाही. पुढं त्याची पत्रं आटली. मी रुसले, आणि त्या रुसण्यात तीन वर्षं घालवली.

गेल्या मे महिन्यात शेवटी मीच बोटीत बसले. पब सापडला. मालकाची लेक, इंगुन, हसतमुख आणि पोटुशी, तिनं एल पुढ्यात ठेवली. नितळ, बेताची गार, चव थेट आमच्या घरची. मी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"डोरीन नावाच्या बाईंनी," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला त्यांनी पत्र लिहिलं होतं. खाली भिंतीवर लावलंय."

तेवढ्यात नेव्हिल आत आला. मला बघून दारातच थबकला. त्यानं माझं नाव सांगितलं तशी इंगुन लगबगीनं ते पत्र आणायला खाली गेली. तो हळू आवाजात म्हणाला, "मी खोल्यांचं लिहिलं होतं, डोरीन."

"वाचलं होतं रे. मला वाटलं, मालकाची अडचण सांगतोयस."

"आणि मला वाटलं, तू नाही म्हणतेयस... सभ्यपणे."

"मी आले असते, नेव्हिल. मिळेल त्या बोटीनं."

आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ बोलले मी. त्यानं मान खाली घातली.

इंगुन पत्र घेऊन जिना चढून आली. माझ्याकडे बघत तिनं जरा भीतभीतच विचारलं, एल जमलीय का? मी पुन्हा एक घोट घेतला. खोट काढायला तिनं जागाच ठेवली नव्हती.