सात नंबरचा हत्ती

सत्काराची शाल खांद्यावर पडायला आणि आतून शांतव्वाची बोंब उठायला एकच गाठ पडली.

"सर, सात नंबरचं गठुळं न्हाय ओ!"

फौजदार राजनंदिनी सरनोबत यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. निदान भाषण तरी थांबलं.

भाषण मुख्याध्यापक धैर्यशील सरांचं होतं. विषय, 'मुलांच्या डब्यासाठी सोप्या आणि मजेदार कल्पना'. शाहूपुरीतल्या या इंग्रजी शाळेनं आयांची स्पर्धा भरवली होती आणि पोलीस खात्यातली कर्तबगार महिला म्हणून राजनंदिनीला परीक्षक करून आणलं होतं. तेही हक्काच्या सुट्टीच्या दिवशी. तिनं उसाच्या फडातून प्रेतं बाहेर काढली होती. आता ती इडलीच्या गाजराच्या मिशांना मार्क देणार होती. डबा म्हणजे काय, तर चपातीला तूप-साखर लावायची, गुंडाळायची आणि पोराला रिक्षात कोंबायचं. त्यात कल्पना कसली डोंबलाची?

म्हणूनच आल्या आल्या तिनं सगळ्या आयांसमोर ठणकावलं होतं, "नुसतं बघून मी मार्क देणार नाही. जिच्या तिच्या पोरानं इथं सगळ्यांदेखत आईचा डबा खायचा. जो संपेल, त्याला बक्षीस." सरांचा चेहरा उतरला होता, पण फौजदाराला नाही कोण म्हणणार?

डब्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. शाळेनंच वाटलेले एकसारखे स्टीलचे डबे, एकसारख्या पांढऱ्या फडक्यात बांधलेले, वर नुसता नंबर. नंबराच्या चिठ्ठ्या आयांनी स्वतः उचलल्या होत्या आणि कुणी कुणाला दाखवायच्या नाहीत असा नियम होता. मार्क देताना वशिला नको म्हणून एवढी सोंगं! गाठोडी बाकावर ढीग करून ठेवलेली, ती शाळेतल्या आयाबाईनं, म्हणजे शांतव्वानं, आत नेऊन टेबलावर मांडली होती. आता सहाच्या शेजारी आठ होता. बाकी एकाही गाठीला हात लागला नव्हता.

"सात? सात नंबर माझा!" दारातून तेजस्वी किंचाळली. मोबाईलवर रोज डब्याचे व्हिडिओ टाकणारी, गावभर नाव झालेली बाई. "माझा हत्ती! भाताचा हत्ती होता, चीजचे कान, गाजराची झूल! पहाटे उठून केला मी."

शोधाशोध झाली. रिकामा डबा सापडला तो शांतव्वाच्याच पिशवीत, दाराच्या खिळ्याला अडकवलेल्या. स्वच्छ धुतलेला, अजून ओला. धैर्यशील सरांनी सगळ्यांसमोर पिशवी फरशीवर उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, कंगवा पडला, नातीच्या खोकल्याच्या औषधाची बाटली गडगडत गेली.

"खाल्लास आणि वर धुऊन ठेवलास? आजच्या आज कामावरून कमी! पोरांच्या तोंडचं चोरणारी बाई मला शाळेत नको."

"माझ्या जल्मात मी कुणाच्या डब्याला हात लावला न्हाय!" शांतव्वा गरजली. गडहिंग्लजहून आलेली ही विधवा बाई या नोकरीवर नात सांभाळत होती, आणि चोर म्हणून काढलेल्या बाईला दुसरी शाळा दारात उभी करत नाही.

राजनंदिनीनं शाल काढून खुर्चीवर फेकली. तिला आता खरोखर राग आला होता.

"सर, न्यायाधीश नंतर व्हा. आधी मला विचारू दे. मावशी, खोली उघडी कुणी टाकली?"

"मीच की. पोरांस्नी प्यायचं पाणी भराय गेलतो. कडी घातलीवती, कुलूप न्हाय."

"परत आलात तेव्हा?"

"सर भाषण करत हुते. मी आत बघितलं, तर सात न्हाय. म्हून वरडलो. चोरी केली असती तर मीच कशाला वरडलो असतो?"

"तेही खरंच. तेजस्वीबाई, मावशी पाण्याला गेल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"सम्राटचे केस विंचरत होते. व्हिडिओत नीट दिसायला नकोत?"

"तुमचा सम्राट असला डबा रोज खातो?"

"चाटूनपुसून!"

"आणि आज सकाळी काय खाल्लं त्यानं?"

"आज... आज डब्याच्या गडबडीत राहिलंच. हत्तीला उशीर झाला ना."

कोपऱ्यात उभा सम्राट बुटाकडं बघत होता. तेजस्वीनं शेजारणीकडं बोट केलं. "त्या विद्याश्रीला विचारा. गेल्या वर्षी माझ्यापुढं हरली ती. मागच्या नळावरून ओल्या हातानं येताना मी बघितलंय."

विद्याश्री उसळली नाही. "साडीवर चहा सांडला, तो धुवायला गेले होते. डाग अजून आहे, बघा."

"सात नंबर तेजस्वीबाईंचा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"ही किंचाळली तेव्हा. चिठ्ठी जिच्या तिच्या मुठीत होती, मॅडम. आणि मी कशाला पळवू? तिच्या हातची चव एकदा सगळ्या गावाला कळावी, एवढीच माझी इच्छा होती."

राजनंदिनी एकटीच मागच्या नळाकडं गेली. शेजारी ओल्या कचऱ्याची बादली होती. चहाचा चोथा, अर्धवट बिस्किटं, कागदी बश्या. बश्या उचलल्या तर खाली हत्ती. अख्खा, सोंडेसकट, झूलसुद्धा जागच्या जागी. बिस्किटांवर मुंग्या तुटून पडल्या होत्या. हत्तीच्या अंगावर एकही नव्हती. राजनंदिनीनं तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. मग बशीत घालून, वर रुमाल टाकून, ती सभागृहात परतली.

"सगळे बसा," ती म्हणाली. "आणि तो मोबाईल खाली ठेवा, तेजस्वीबाई."

तिनं बशी टेबलावर ठेवली, पण रुमाल काढला नाही.

"चोर भुकेला असता तर त्यानं खाल्लं असतं. हे कुणी खाल्लेलं नाही. अलगद काढून कचऱ्यात लपवलंय. म्हणजे शांतव्वा मावशी सुटल्या. पोटासाठी चोरी करणारी बाई घास टाकून भांडं घासत बसत नाही. डबा त्यांच्या पिशवीत दुसऱ्या कुणीतरी घातला."

"मग विद्याश्रीच!" तेजस्वी म्हणाली.

"विद्याश्रीबाईंना सात नंबर कुणाचा ते कसं कळणार? वरून सगळी गाठोडी सारखी. त्यांना तुमचाच डबा हवा असता, तर आधी दोन-चार गाठी सोडून बघाव्या लागल्या असत्या. एकही गाठ सुटलेली नाही. चोर सरळ सातवर गेला. सात कुणाचा हे एकाच बाईला माहीत होतं."

धैर्यशील सर घाम पुसू लागले.

"स्वतःचा डबा मी स्वतः कशाला चोरू?" तेजस्वी हसली. "वेड लागलंय का?"

"तेच मलाही कळेना. मग मुंग्यांनी सांगितलं." राजनंदिनीनं रुमाल उचलला. "सम्राट, ये बाळा इकडं. आईनं पहाटे उठून केलाय. रोज चाटूनपुसून खातोस ना? घे."

सम्राट आला. त्यानं भुकेनं हात पुढं केला. राजनंदिनीचा हात बशीवरच होता, तो तिनं सोडला नव्हता.

"खाऊ नको!"

तेजस्वीनं झेप घेऊन पोराचा हात हिसडला. बशी उडाली, हत्ती फरशीवर आपटला आणि एक कानसुद्धा निखळला नाही.

"का? भातच आहे ना?"

"त्यावर... व्हिडिओत चमकावा म्हणून केसांचा स्प्रे मारलाय," तेजस्वी पुटपुटली. "आत टाचण्या आहेत. नुसता दाखवायला होता हो तो! परीक्षक फक्त बघतात, दरवर्षी. तुम्हीच येऊन खायचं काढलंत."

"म्हणून डबा उडवला. ते समजू शकते. पण रिकामा डबा त्या बाईच्या पिशवीत कशाला?"

तेजस्वी खाली बघू लागली. "कुणीतरी... कुणावर तरी यायलाच हवं होतं."

राजनंदिनीनं गुन्हेगार खूप बघितले होते. भूक, दारू, जमीन, सूड, काहीतरी कारण असायचं. चीजच्या कानांसाठी एका विधवेची भाकरी काढून घेणारी बाई ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला किळस आली.

"तक्रार द्यायची का, मावशी? मी इथंच लिहून घेते."

धैर्यशील सर लगबगीनं पुढं आले. "कशाला, कशाला! शांतव्वा, माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, तुम्ही चोर नाही. झालं गेलं विसरा. उद्यापासून कामावर या."

"उद्यापास्नं?" शांतव्वानं औषधाची बाटली उचलून पिशवीत टाकली आणि पदर खोचला. "म्हंजे आज मी कामावर न्हाय व्हय? आज बी हाय! तक्रारीचं मी मागनं बघतो, बाई. सकाळधरनं पोरं उपाशी बसवल्यासा, ह्येची कुणाला लाज हाय का?"

तिनं खोलीतली सगळी गाठोडी पोटाशी धरून आणली, नंबर न बघता फडकी सोडली आणि पोरांना पंगतीला बसवलं. सम्राटपुढं विद्याश्रीची धिरडी आली. तो दोन्ही हातांनी खाऊ लागला. परीक्षण करायला काहीच उरलं नाही, आणि धैर्यशील सरांचं भाषणही अर्ध्यावरच राहिलं.