व्हितोरियाच्या चर्चचं कार्ड

"हे कार्ड माझ्या हातून गेलेलं नाही," आबासाहेब म्हणाले.

सोळा वर्षं ते वालूरचं पोस्ट सांभाळत होते. गावात येणाऱ्या प्रत्येक टपालावर ते स्वतः शिक्का मारत. या कार्डावर तो नव्हता. कार्डाला उत्तर धाडायचं म्हणून दैवशाला तिकीट घ्यायला आली होती. तिचा चेहरा उतरला.

तिचा नवरा सूर्यभान परभणीत एका मिशन दवाखान्याची जीप चालवायचा. तिथली स्पॅनिश नर्स सिस्टर मारिया मायदेशी परतली आणि तिनं त्याला कामाला बोलावलं. अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात तो घरातून निघाला. दोन महिने काहीच खबर नाही. दैवशालानं ठाण्यात तक्रार दिली, आठवड्यात हे कार्ड आलं आणि तपास थांबला.

चित्रात स्पेनमधल्या व्हितोरिया शहरातलं भव्य चर्च होतं. टोकदार कमानी, रंगीत काचा. मागं मराठी मजकूर: "आज हे चर्च पाहिलं. चपला बाहेर काढल्या, घंटा वाजवली, प्रदक्षिणा घातली. मी खुशाल आहे. शोधाशोध करू नका."

"कार्ड कुणी दिलं?"

"रंगनाथ गुरुजींनी. पोस्टमन रस्त्यात भेटला म्हणले. मला वाचता येत न्हाई, सिस्टरची पत्रं बी तेच वाचतेत."

"गेल्या महिन्यात सिस्टरचं एक पाकीट आलं होतं. मीच गुरुजींकडं दिलं."

"मला तर काईच सांगितलं न्हाई!"

"सूर्यभानला मुंबईच्या गाडीत कुणी बसवलं?"

"गुरुजींनीच. फटफटीवर देवगाव फाट्याला सोडलं. येताना घसरले म्हणं, हात लय सोलला होता."

आबासाहेबांनी कार्ड उजेडात धरलं. मग छत्री उचलली आणि ठाणं गाठलं.

दुपारी फौजदार दत्तरावांनी रंगनाथ गुरुजींना पोस्टातच बोलावलं.

"गुरुजी, परदेशी तिकिटावरचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर पडतो," आबासाहेब म्हणाले. "इथं तिकिटाच्या कडेशीच तुटलाय. तिकीट दुसऱ्या पाकिटावरून काढून चिकटवलंय. सिस्टरची पाकिटं तुमच्याकडंच असतात."

"चित्रकार्ड मी कुठून आणू?"

"सिस्टर पत्रात घालून पाठवायची. दैवशालाच्या घरी अशी दोन कोरी कार्डं आहेत."

"कुणीतरी खोडी केली असेल."

"सूर्यभाननं तर हे लिहिलेलं नाही. सहा वर्षं दर रविवारी तो सिस्टरला चर्चला न्यायचा, आत बाकावर बसायचा. तो चर्चमध्ये प्रदक्षिणा घालेल? लिहिणाऱ्यानं चर्च फक्त चित्रात पाहिलंय. देवळात करतो तेच त्यानं लिहून काढलं."

गुरुजींची नजर दाराकडं गेली. तिथं दैवशाला उभी होती.

"सिस्टरनं काय लिहिलं होतं? सूर्यभान अजून का आला नाही, हेच ना?" आबासाहेबांचा आवाज खाली आला. "तो फाट्याला पोचलाच नाही. तुमचा हात येताना नाही, जाताना सोलला."

गुरुजींनी टेबलावरचं कार्ड पालथं केलं.

"खडीवर गाडी घसरली. त्याचं डोकं दगडावर आपटलं. मी... मी थोडी घेतली होती. नोकरी गेली असती. बाजूला पडकी विहीर होती."

दत्तरावांनी विचारलं, "विहिरीत टाकला तेव्हा मेला होता?"



"श्वास चालू होता."

दैवशालानं दाराची चौकट घट्ट धरली. "काई बोलले का ते?"

"पाणी मागितलं," गुरुजी म्हणाले.

ती रडली नाही. पदर खोचून पायरी उतरली. "फौजदारसाहेब, विहीर दाखवायला लावा ह्याला. सासूला मी सांगते."